बसलेले पाटे

जुनी जिप्सी घेतलेला माणूस गॅरेजमध्ये जातो आणि पहिलं विचारतो, "किती इंच उचलता येईल?" माझ्या दारात १९९८ सालची जिप्सी किंग उभी असते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही येतो. मी त्याच्या हातात टेप देतो आणि सांगतो, गाडी आधी किती बसली आहे ते मोज.

मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर १९८५ मध्ये. पुढे आणि मागे अखंड एक्सल, चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी. पाटा म्हणजे शेवटी स्प्रिंग स्टीलची पट्टी. वीस-पंचवीस वर्षं खड्डे आणि ओझं सोसून तिची कमान सपाट होत जाते. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली की ते माप फसवतं. माझ्या गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर खाली होती. गाडी बहुतेक वेळा चालक एकटाच चालवतो, त्याचं वजन वर्षानुवर्षं त्याच पाट्यांवर पडतं. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअब्झॉर्बर घातले तेव्हा मागची बाजू चार सेंटिमीटर वर आली. दीड इंच! आणि ही उंची गाडीची स्वतःचीच होती.

जुनेच पाटे ठोकून कमान देणारे कारागीर गावोगाव आहेत, आणि त्यांच्या हाताला मी मान देतो. पण थकलेलं पोलाद ठोकून तरुण होत नाही, बऱ्याचदा ते पुन्हा बसतं. दुसरा सल्ला मिळतो तो पाटा वाढवण्याचा. गाडीवर लोखंडी बंपर, विंच, कायमचं सामान असेल तर एक जास्तीचा पाटा योग्यच आहे. रिकाम्या गाडीला मात्र तो शिक्षा ठरतो. जिप्सीचं वजन हजार किलोच्या आसपास. तिला ट्रकसारखे कडक पाटे दिले की चाक दगडावरून उडतं, आणि हवेतलं चाक गाडीला ओढत नाही. चढावर, ओल्या जांभ्या दगडावर चारही चाकं जमिनीला चिकटून राहावीत म्हणूनच तर फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची. मला उंचीपेक्षा पाट्याची ही लवचीकता जास्त मोलाची वाटते.

एकदा मीही स्वस्तातला मार्ग धरला होता. पाट्याचं टोक चाशीला जोडणारे शॅकल लांब करून घेतले. एक्सल पाट्याच्या मधोमध असतो, म्हणून गाडी एक इंच वर यायला शॅकल दोन इंच लांब करावा लागतो. खर्च थोडा, काम अर्ध्या दिवसाचं. पण एक टोक खाली गेलं की पाट्याबरोबर एक्सलही फिरतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते याच कोनामुळे. पावसात आंबेनळी घाट उतरताना माझ्या गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर परत येईना. प्रत्येक वळणावर ते हाताने ओढून सरळ करावं लागत होतं, शेजारी बायको आणि मागे दोन मुलं बसलेली. पोलादपूरला पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. पुढच्याच आठवड्यात ते शॅकल काढले.

आता एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये क्वचितच कोणी सांगतं. अखंड एक्सलच्या गाडीत पाटे कितीही उंच केले तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. वर जाते ती चाशी आणि बॉडी. त्यामुळे गाडी ओढ्यात शिरताना पुढून घासत असेल किंवा बांध ओलांडताना पोटावर टेकत असेल, तर लिफ्टचा उपयोग होतो. गोळाच दगडाला लागत असेल, तर टायर मोठा हवा. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याजागी २१५/७५ घातला की व्यास साधारण ३५ मिलिमीटरने वाढतो आणि गोळा सतरा-अठरा मिलिमीटर वर येतो. त्याचबरोबर स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते, हेही लक्षात ठेवावं.

एक्सल पाट्याच्या वरून काढून खाली बसवण्याची पद्धतही आहे. जिप्सी त्याने एकदम पाचेक इंच उंच होते. फोटोत फार रुबाबदार दिसते. पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे होज ताणले जातात, स्टिअरिंगची जोडणी नव्याने करावी लागते. आणि गाडीचा तोल वर सरकतो. कंपनीने १९९३ मध्ये जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं. त्याआधीची अरुंद गाडी ज्याच्याकडे आहे त्याने तर हा विचार मनातही आणू नये.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. मूळ मापाचे पाटे घालणं ही दुरुस्ती आहे. त्यापुढच्या प्रत्येक इंचासाठी आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

शॉकअब्झॉर्बर गाडी उचलत नाहीत, ते फक्त उसळी आवरतात. म्हणून ते पाट्यांच्या मापाने निवडायचे. चाक पूर्ण लोंबकळलं तरी शॉक ताणून अडता कामा नये, आणि पाटा पूर्ण दबला तरी तो तळाला आपटता कामा नये. जॅकवर गाडी उचलून ही दोन्ही मापं स्वतः उभं राहून घ्या. ब्रेकचा होजही त्याच वेळी तपासा.

आणि पाटे बदलल्यावर ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला. पाचशे किलोमीटर झाले की गाडी पुन्हा गॅरेजमध्ये न्या आणि ते आवळून घ्या. माझ्या गाडीचे नवे कोरे यू-बोल्ट होते, तरी प्रत्येक नट पाव फेरा फिरला होता.