टांकसाळीची चूक आणि तिचें मोल

कारागिराच्या हातून चूक झाली कीं वस्तूची किंमत उतरते, हा आपला नित्याचा अनुभव. वेडावांकडा शिवलेला अंगरखा कोणी चढ्या भावानें घेत नाहीं. टांकसाळींतून चुकून बाहेर पडलेल्या नाण्याची गोष्ट मात्र उलट आहे. आज मी अमेरिकेंतील अशा कांहीं पेनींविषयीं बोलणार आहें. पेनी म्हणजे तेथील सेंट, डॉलरचा शंभरावा हिस्सा. तो पाडण्यास त्याच्या किंमतीहून अधिक खर्च येऊं लागल्यामुळें २०२५ सालीं नित्य व्यवहारासाठीं तो पाडणें बंद झालें. अशा क्षुद्र नाण्याच्या एखाद्या सदोष प्रतीसाठीं संग्राहक हजारों डॉलर मोजतात. तें कां?

१९५५ सालचें उदाहरण घ्या. नाण्याचा पोलादी ठसा तयार करतांना उठावदार आकृतीचा मूळ ठसा त्यावर जोरानें दाबीत. एका दाबानें आकृति पुरेशी खोल उमटत नसे. म्हणून पोलाद तापवून मऊ करीत व पुनः दाबीत. फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत एका ठशावर हा दुसरा दाब किंचित् फिरून बसला. त्यामुळें त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर, लिंकनच्या मुखाच्या बाजूस, साल व अक्षरें स्पष्ट दुहेरी उमटलीं. चूक ध्यानांत येईपर्यंत हीं नाणीं चांगल्या नाण्यांच्या राशींत मिसळून गेलीं होतीं. बाहेर पडलेल्यांची संख्या २०,००० हून अधिक असावी असा अंदाज आहे. त्या काळीं यंत्रांत २५ सेंटांचें नाणें टाकलें कीं २३ सेंटांचें सिगारेटचें पाकीट मिळे आणि उरलेल्या दोन पेनी त्याच्या वेष्टणांतच असत. कित्येक दुहेरी नाणीं अशीं लोकांच्या हातीं आलीं.

दुसरें उदाहरण १९४३ चें. युद्धासाठीं तांबें हवें होतें, म्हणून त्या वर्षीं जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले. परंतु आदल्या वर्षाच्या काशाच्या थोड्या चकत्या मागें राहून गेल्या होत्या. त्यांवरहि १९४३ ची छाप पडली. डेन्व्हर येथें पाडलेला असा एक सेंट २०१० सालीं सतरा लाख डॉलरांना विकला गेला.

जेथें मोल, तेथें लबाडी. कोणी पोलादी सेंटाला तांब्याचा मुलामा देतो, तर कोणी १९४८ मधील आठ तासून त्याचा तीन करतो. माझ्या एका स्नेह्याला अमेरिकेंतील पुतण्यानें तांबूस दिसणारा १९४३ चा सेंट पाठविला. घरांत आनंदीआनंद झाला. वहिनींनीं तर चिंच लावून तो घासावयास घेतला. मीं त्यांचा हात धरला, कारण घासल्यानें नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो व त्याबरोबर किंमतहि. मग चुंबक आणविला. तो जवळ नेतांच नाणें टपकन् चिकटलें. आंत पोलादच होतें!

क्षणभर सारे गप्प झाले. मग कोणीसें म्हणालें, “आपण फसलों, तर दुसऱ्याला देऊन टाकावें, त्याला कोठें कळणार आहे?” स्नेही कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं एका चिठोऱ्यावर ‘मुलाम्याचें, चुंबकास चिकटतें’ असें लिहून त्यांतच तें नाणें गुंडाळून ठेविलें.

श्रोतेहो, चुकीचें मोल ती खरोखर टांकसाळींत घडली असेल तरच. ठशांतील दोष त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर जसाच्या तसा येतो. खिशांत किंवा कानशीनें घडलेला दोष ही केवळ इजा. म्हणून जुनें नाणें हातीं आलें तर घासूं नका. भिंगानें पाहा, वजन करा, जाणत्यास दाखवा. आणि जें आढळेल तें, आपल्या तोट्याचें असलें तरी, चिठोऱ्यावर लिहून ठेवा. पुढें तो डबा नातवंडांच्या हातीं जाणार आहे.