पडना रे, पडना!

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "लहानपणचे किस्से सांग, जड काही नको, मागे जेवणाची पानं मांडायची आहेत." म्हणून मी पडझड आणि पत्ते हे दोन विषय घेतले आहेत. गणिताचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, तेव्हा आधी एक सूचना. ज्यांच्या गोट्या सरांनी जप्त केल्या होत्या, त्यांनी जेवण झाल्यावर सरांकडे रीतसर अर्ज करावा. पंचेचाळीस वर्षांचं व्याज मिळणार नाही.

आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलाशी बऱ्याच जणांनी एकमेकांना ओळखलं नाही. केस गेले, पोटं आली, चष्मे लागले. पण आपल्या वर्गाची ओळखपरेड घ्यायची तर नावं लागत नाहीत, खुणा पुरतात. माझ्या हनुवटीखाली तीन टाके आहेत. शाळेच्या भिंतीवरून वाळूच्या ढिगावर उडी मारायची पैज होती. आदल्या दिवशी ढीग होता, त्या दिवशी अर्धा गवंडी घेऊन गेले होते. मधल्या रांगेत बसलेल्या आपल्या एका बहिणीचा डावा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. आखाजीला लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका कोण जास्त उंच नेतं, यावर सांजोऱ्यांची पैज लागली होती. दोर तुटला. हाडवैद्याने हात बांधला आणि ती दुसऱ्या दिवशी एका हाताने पैजेच्या सांजोऱ्या खात ओट्यावर बसली होती.

आणि पथारी! बाहेरगावी वाढलेल्या आपल्या मुलांना पथारी म्हणजे फुटपाथवरचं दुकान वाटतं. नंदुरबारकराला विचारा. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या मोकळ्या शेतांमध्ये ओली लाल मिरची वाळत घातली की नजर पोचेल तिथवर लाल जाजम अंथरल्यासारखं दिसायचं. वारा सुटला की वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून शिंकायच्या आणि आम्ही मोजायचो. तर त्या पथारीवरून अनवाणी धावत पलीकडे जाऊन परत यायचं, अशी दहा गोट्यांची पैज लागली. आपला एक मित्र निघाला. जाताना गेला. येताना पाय घसरला आणि तोंडावर आपटला. मिरची निवडणाऱ्या बायका धावल्या. एकीने माठातलं पाणी ओतलं, एकीने स्वतःच्या भाकरीवरचं दही त्याच्या डोळ्यांवर थापलं. आणि हा पठ्ठ्या डोळे मिटलेले, तोंड दह्याने भरलेलं, हात पुढे करून ओरडतोय, "मन्या धा गोट्या काढ पहिले!"

या सगळ्या किस्स्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. कोणी पडलं की पहिला आवाज यायचा, "पडना रे, पडना!" तो आवाज आधी गल्लीत, मग शाळेत आणि पडणारा घरी पोचायच्या आत त्याच्या घरी पोचायचा. मला टाके पडले तेव्हा सरांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी दवाखान्यात गेलो आणि वाटेत निदान दहा माणसांनी विचारलं, कोणाचा आहे, काय झालं. लाज वाटली, मार पडला, धनुर्वाताचं इंजेक्शन बसलं. पण संध्याकाळपर्यंत हिशोब मिटलेला होता.

आता पत्त्यांकडे येतो. खान्देशात पत्ते शिकायला वेगळी शाळा लागत नाही. आखाजीच पुरते. वैशाख शुद्ध तृतीया उर्वरित महाराष्ट्रात सोन्याच्या दुकानात साजरी होते. आपल्याकडे सकाळी पितरांची घागर पुजायची, पुरणपोळी-आमरस खायचा, माहेरवाशिणींनी झोक्यावर गाणी म्हणायची आणि पुरुषांनी सावली बघून सतरंजी टाकायची. सालदाराचं जुनं साल संपलेलं असायचं, नवं ठरायचं असायचं. शेतात काम नसायचं. वर्षातून त्या दोन-चार दिवसांत मालक आणि सालदार एकाच सतरंजीवर बसलेले मी पाहिले आहेत. झन्नामन्ना आणि तीन पत्ती हे शब्द आपल्यापैकी कित्येकांनी बाराखडीच्या आसपासच ऐकले असतील.

मोठे झाल्यावर आम्ही काही वर्गमित्रांनी ही प्रथा चालू ठेवली. गेली बावीस वर्षं आखाजीच्या दुपारी आमच्या गच्चीवर बैठक होते. नियम चार आहेत. प्रत्येकाने दोनशे रुपयांची चिल्लर आणायची. ती संपली की उसनं मागायचं नाही, द्यायचं नाही, बाजूला बसून आंबे चोखायचे. मोबाईल खाली घरात ठेवायचा. दिवेलागण झाली की डाव अर्धा असला तरी बंद. आणि जो सर्वात जास्त जिंकेल त्याने सगळ्यांना कुल्फी खाऊ घालायची. त्यामुळे जिंकणाराही बहुतेक वेळा तोट्यातच जातो. मी वहीत हिशोब ठेवतो. बावीस वर्षांचा माझा निव्वळ तोटा एक हजार एकशे चाळीस रुपये आहे. सौभाग्यवती म्हणतात, एवढ्यात दोन चांगल्या साड्या आल्या असत्या. आता येत नाहीत, पण मी वाद घालत नाही.

आमच्या बैठकीत आणखी एक गोष्ट नसते. ती म्हणजे नाल. जुन्या लोकांना हा शब्द माहीत आहे. ज्याच्या जागेत डाव बसतो, तो प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. जिंका कोणीही, हरा कोणीही, नाल काढणारा कधी हरत नाही. कायद्यानेही नेमकं हेच बोट ठेवलं आहे. १८८७चा मुंबईचा जुगारबंदी कायदा जुगाराचा अड्डा कशाला म्हणतो, तर जिथे जागेचा मालक खेळातून नफा काढतो त्या ठिकाणाला. आपलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. प्लॅटफॉर्मच्या या टोकाला बसा किंवा त्या टोकाला, दोन्हीकडे मूळ कायदा हाच. आणि आखाजी आहे म्हणून चौकात डाव टाकायची सवलत या कायद्यात नाही. "बारा अ" म्हणजे काय, हे इथल्या एक-दोघांना मी समजावून सांगायची गरज नाही. ते हसताहेत.

नालीचं गणित आकड्यातही आहे. मटका म्हणजे मुंबईचं खूळ असं आपण म्हणतो, पण त्याचं मूळ आपल्या पिकाशी आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकात ते भाव येणं बंद झालं, तेव्हा माठातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली आणि मटका हे नाव पडलं. खान्देशच्या शेतकऱ्याला कापसाच्या भावात एकदा फटका बसायचा तो बसायचाच, वर आकड्यात दुसरा. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका रुपयाला नऊ रुपये मिळतात. सर, तुम्ही शिकवलेल्या त्रैराशिकाने सांगतो. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर आकडा हमखास लागणार. खर्च दहा, हाती नऊ. एवढा साधा हिशोब पाचवीचं पोरही करेल, पण आकडा लावणारा दहा आकड्यांचा विचार करत नाही, तो काल स्वप्नात दिसलेल्या एकाच आकड्याचा करतो. तीन पत्तीतही तेच. बावन्न पानांतून तीन पानं बावीस हजार शंभर प्रकारे येतात. त्यात तीन सारखी पानं फक्त बावन्न वेळा, म्हणजे सव्वाचारशे डावांत एकदा. आपल्याला मात्र ती एकदाची दुपार आयुष्यभर लक्षात राहते.

इथपर्यंत हसण्यावारी झालं. आता दोन मिनिटं दुसरं बोलतो. ज्याच्याबद्दल बोलतो तो आपल्या वर्गाचाच आहे. त्याला विचारून बोलतो आहे. "सांग, पण नाव घेऊ नको," एवढीच त्याची अट आहे.

पथारीवर पडलेला तो मित्र. शेती चांगली, पपई-केळीचं बागायत, दोन मुलं शिकलेली. गच्चीवरच्या आमच्या बैठकीलाही तो यायचा आणि दोनशे रुपये हरून शांतपणे आंबे चोखायचा. मग त्याच्या मोबाईलमध्ये रमी आली. सुप्रीम कोर्टाने १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. जाहिरातवाल्यांनी तो निकाल ढालीसारखा पुढे धरला. पण गावच्या सतरंजीवरची रमी आणि मोबाईलमधली रमी यात फरक आहे. सतरंजीवर चार माणसं तुमचं तोंड बघत असतात. खिसा रिकामा झाला की उठावं लागतं. दिवे लागले की कोणाची तरी बायको हाक मारते. मोबाईलमधल्या डावाला दिवेलागण नाही. चिल्लर संपत नाही, कारण पैसे खात्यातून जातात आणि खातं संपलं तर कर्जही त्याच फोनवर मिळतं. आणि प्रत्येक टेबलावर नाल आहेच, फक्त ती काढणारा हात दिसत नाही.

तो रात्री पांघरुणाखाली खेळायचा. दोन वर्षांत आधी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गेली. मग दागिने. मग दीड एकराचं गहाणखत झालं, तेव्हा घरात कळलं. त्या दोन वर्षांत तो आपल्याला लग्नांत भेटला, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघताना भेटला. मी स्वतः त्याच्यासोबत तिथे भजी खाल्ली. तो हसत होता. हनुवटीवर टाका नव्हता, हात गळ्यात बांधलेला नव्हता.

सगळं बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "पथारीवर पडलो तेव्हा बोंब मारता आली. तुम्ही हसलात, पण होतात तिथे. इथं पडलो ते मलाच ऐकू आलं नाही."

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तोच भाग महत्त्वाचा आहे. आपल्या वर्गातली, बँकेतून निवृत्त झालेली एक मैत्रीण आणि आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. एक शंभर पानी वही घेतली आणि कोणाचे किती, हे पहिल्या पानापासून लिहून काढलं. चार तास लागले. खाती वहिनींच्या ताब्यात गेली, त्याच्या हाती बटणांचा साधा फोन आला. सरकारची टेली-मानस नावाची सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन त्याने आमच्यासमोर केला, त्यानंतरचे त्याचे तो करत गेला. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा वादच त्यात ठेवला नाही. चांगलं झालं. पण जे गेलं ते कायदा परत आणत नाही, आणि आडवाटा शोधणारे उद्याही शोधतील. दीड एकर अजून सुटलेलं नाही. यंदा त्याने पपई लावली आहे, हप्ते जात आहेत.

मित्रांनो, मी पत्ते सोडा म्हणायला उभा नाही. येत्या आखाजीला गच्चीवर सतरंजी पडणार आहे, बहिणींनाही निमंत्रण आहे, कारण झोका झेपायचं आपलं वय आता राहिलेलं नाही. माझं मागणं वेगळं आहे. आपण साठीला टेकलेली माणसं आहोत. या वयात पडण्याचे प्रकार बदलतात. कोणी पैशात पडतो, कोणी आजारात, कोणी मुलं परदेशी गेल्यावरच्या रिकाम्या घरात. टाके दिसत नाहीत, म्हणून कोणी ओरडत नाही.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपल्या सगळ्यांचे फोन नंबर छापले आहेत. वाढदिवसाला फुलांची चित्रं पाठवायला त्यांचा उपयोग कराच. पण कधी घसरलात, तर त्यातल्या कोणत्याही एका नंबरवर आपल्या अहिराणीत एवढंच म्हणा, "पडनू रे भो." पुढचं विचारायची गरज नाही. आपण वही घेऊन येऊ. मैत्रीण बँकेची आहे, तिचं अक्षर चांगलं आहे. आणि दही लागलं तर तेही आणू.

जेवणाची पानं मांडली गेल्याचा इशारा मला तिकडून होतो आहे.