गुंजन सक्सेना : पडद्यावरची आणि आकाशातली

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयासाठी संयोजकांनी मला एक चित्रपट नेमून दिला. ‘गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल’. शरण शर्मा या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. करोनाकाळात चित्रपटगृहांना टाळे होते, त्यामुळे १२ ऑगस्ट २०२० रोजी तो थेट नेटफ्लिक्सवर आला आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो घरात बसून, मुलाबाळांसह पाहिला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना माणूस चार लोकांशी बोलतो, कोणी तरी वेगळे मत देतो. घरच्या दिवाणखान्यात पाहिलेले मात्र तसेच मनात मुरते.

प्रथम त्यातील चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. आपल्या हिंदी चित्रपटांत मुलीचा बाप बहुधा दोनच प्रकारचा असतो. एक दार बंद करणारा आणि दुसरा दारात उभा राहून अश्रू ढाळणारा. येथे पंकज त्रिपाठी यांनी रंगविलेले निवृत्त लष्करी अधिकारी अनुप सक्सेना या दोहोंत बसत नाहीत. मुलीच्या स्वप्नाकडे ते कौतुकाने नव्हे, गांभीर्याने पाहतात. एका प्रसंगात ती त्यांना विचारते, मला तर फक्त विमान उडवायचे आहे, देशासाठी काही करावे म्हणून मी हवाईदलात जात नाही, मग ही देशाशी बेइमानी तर नव्हे? वडील तिला समजावतात ते असे, की हाती घेतलेले काम जीव ओतून चोख केले की त्यात देशाची सेवा आलीच. घोषणा नाही, भाषण नाही, मागे वाजणारे वाद्यवृंदाचे सूर नाहीत. अनेक वर्षे शाखेत जाणाऱ्यालाही जे चटकन शब्दांत मांडता येणार नाही, ते या साध्या संवादात आले आहे. हा एक प्रसंग मी दोनदा पाहिला.

पण मग गुंजन उधमपूरच्या तळावर पोहोचते आणि चित्रपटाची वाट वाकडी होते.

तेथे तिला काय दिसते? स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही. सहकारी तिच्याबरोबर उड्डाण करायला टाळाटाळ करतात, कारणे काढून तिची उड्डाणे रद्द होतात. तिचा फ्लाइट कमांडर तिला सर्वांसमोर पंजा लढवायला बसवतो आणि दुबळी ठरवून तिचा पाणउतारा करतो. एक भला कमांडिंग ऑफिसर सोडला, तर सारा तळच जणू एका मुलीला पळवून लावण्यासाठी एकवटलेला आहे. प्रेक्षकाच्या मनात संताप दाटून येतो, आणि तो यावा अशीच सगळी रचना आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. १९९६ साली उधमपूरला नेमणूक झालेल्या महिला वैमानिक दोन होत्या. गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन. दोघी एकाच तुकडीत प्रशिक्षण घेतलेल्या. चित्रपटात दुसरी कुठेच नाही. चित्रपट आल्यानंतर श्रीविद्या राजन यांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. सोयींची अडचण आरंभी होती, पण पुरुष अधिकाऱ्यांनी सांभाळून घेतले, जागा करून दिली, असे त्या सांगतात. काही जणांच्या मनात पूर्वग्रह होते हेही त्या नाकारत नाहीत. परंतु क्षुल्लक कारणांनी उड्डाणे रद्द झाली नाहीत, पंजा लढविण्याचा तो प्रसंग कधी घडलाच नाही आणि शेवटी दाखविलेला पराक्रम ही चित्रपटकर्त्यांची कल्पना आहे, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे. आणखी एक गोष्ट. १९९९ मध्ये कारगिलसाठी श्रीनगरला जी पहिली तुकडी गेली, तिच्यात चार पुरुष सहकाऱ्यांसह श्रीविद्या स्वतः होत्या. गुंजन काही दिवसांनी पुढच्या तुकडीबरोबर आल्या. हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून सेवा बजावलेल्या निवृत्त विंग कमांडर नम्रिता चंडी यांनीही खुल्या पत्रातून हेच ठणकावून सांगितले.

एका शूर स्त्रीवर चित्रपट काढताना दुसऱ्या तितक्याच शूर स्त्रीचे नाव पुसले गेले. स्त्रीसन्मानाचा झेंडा खांद्यावर घेऊन निघालेल्यांच्या हातून हे व्हावे, याला काय म्हणावे?

आता कारगिलकडे वळतो. हवाईदलाची ‘ऑपरेशन सफेद सागर’ ही कारवाई २६ मे १९९९ रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी आपली दोन लढाऊ विमाने गेली. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा हुतात्मा झाले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता शत्रूच्या हाती सापडले. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि आतील चारही जण गेले. ते हेलिकॉप्टर शस्त्रसज्ज होते. गुंजन आणि श्रीविद्या चालवीत होत्या ते ‘चीता’ हे त्याहून कितीतरी लहान, एका इंजिनाचे, शस्त्र नसलेले. द्रास आणि बटालिकच्या परिसरात जवानांना सामान पोहोचविणे, शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करणे, जखमींना उचलून आणणे ही त्याची कामे. तेरा हजार फुटांवरील हेलिपॅडवर हवा विरळ असते. पात्यांना पुरेसा आधार मिळत नाही, इंजिनाची ताकदही कमी पडते. किती इंधन घ्यायचे, किती सामान, परतताना किती जखमी, याचा हिशेब किलो-किलोने मांडावा लागतो. चूक करायला जागाच नसते, आणि समोरच्या कड्यावर खांद्यावरून क्षेपणास्त्र डागणारा शत्रू बसलेला असतो. गुंजन यांच्या हेलिकॉप्टरच्या दिशेने असेच एक क्षेपणास्त्र आले आणि मागच्या डोंगरावर फुटले. त्यावेळी त्यांचे वय अवघे चोवीस होते. शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागलेच तर म्हणून जवळ एक इन्सास रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर. नचिकेता पकडले गेल्याची बातमी ताजी असताना या मुली रोज त्याच दऱ्यांतून उडत होत्या!

आता मला सांगा, या प्रसंगाला पंजा लढविण्याच्या मिठामसाल्याची गरज होती का? विरळ हवा, उघडे आभाळ, निःशस्त्र यंत्र आणि खाली रक्त गळणारा जवान, यापेक्षा अधिक नाट्य कोणत्या पटकथाकाराला सुचणार आहे? पण आपल्या चित्रपटसृष्टीला खलनायकाखेरीज कथा दिसत नाही. युद्धकथेत शत्रू आयताच समोर होता, तरी खलनायक शोधला तो आपल्याच गणवेशात.

हवाईदलाने सेन्सॉर मंडळाला पत्र लिहून आक्षेप घेतला. पडद्यावरील नायिकेचा गौरव करताना हवाईदलातील वातावरण, विशेषतः महिलांच्या बाबतीत, अकारण वाईट रंगविले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा रेखा शर्मा यांनीही नापसंती व्यक्त केली. पुढे केंद्र सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. चित्रपट आधीच घरोघर पोहोचला आहे, तुम्ही अगोदर का आला नाहीत, असा प्रश्न न्यायालयाने विचारला, आणि तो रास्तच होता. मग खुद्द गुंजन सक्सेना यांनी प्रतिज्ञापत्र सादर केले. संस्था म्हणून हवाईदलाने आपल्याशी स्त्री असल्यामुळे भेदभाव केला नाही, कारगिलमध्ये देशसेवेची संधी त्यानेच दिली, असे त्यात नमूद आहे. चित्रपट हा नाट्यरूप आहे, माहितीपट नव्हे, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे जिच्या नावाने हा चित्रपट विकला गेला, तिनेच त्याच्या मुख्य कथासूत्राला दुजोरा दिला नाही. चित्रपटाच्या आरंभी नाट्यरूपांतराची सूचना आहे खरी. पण ती दोन-चार सेकंदांची अक्षरे किती जण वाचतात? आणि नाव, गाव, पद, युद्ध सगळे खरे ठेवायचे, आरोप तेवढे कल्पित, हा कोणता न्याय?

येथे काही जण म्हणतील, हवाईदल म्हणजे काय देवघर आहे, की त्यावर कोणी बोलायचेच नाही? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो आणि तो टाळून पुढे जाणे मला मान्य नाही. त्रुटी होत्या. एक तर फार मोठी होती, आणि गंमत अशी की चित्रपटाच्या नजरेतून नेमकी तीच निसटली.

गुंजन सक्सेना २००४ मध्ये हवाईदलातून बाहेर पडल्या. त्यांची सेवा जेमतेम आठ वर्षांची. त्या काळी महिला वैमानिकांना कायमस्वरूपी कमिशन नव्हतेच, अल्पकालीन कमिशनची मुदत संपली की घरी जायचे. युद्धात उडालेली, अनुभवाने तयार झालेली वैमानिक तिशी गाठण्याआधी गणवेश उतरविते, हे देशाचेही नुकसानच. यात एखाद्या फ्लाइट कमांडरचा दुष्टपणा नव्हता, दोष धोरणाचा होता. तो दूर करण्यासाठी महिला अधिकाऱ्यांनी न्यायालयात वर्षानुवर्षे लढा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये हवाईदल आणि भूदलातील महिलांच्या बाजूने निकाल दिला. भूदलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सुटला. त्या खटल्यात सरकारच्या वतीने स्त्रियांच्या शारीरिक क्षमतेविषयी जे युक्तिवाद झाले, त्यांवर न्यायालयाने कठोर शब्दांत टीका केली. ती योग्यच होती. हे आपल्याच सरकारच्या काळात घडले म्हणून मी ते लपविणार नाही. या निकालानंतर सहाच महिन्यांनी हा चित्रपट आला. विषय समोर होता, कागदपत्रे समोर होती. पण न्यायालयीन लढा पडद्यावर मांडायला अभ्यास लागतो, पंजा लढवायला फक्त एक टेबल.

मला चिंता आहे ती वेगळ्याच कारणाने. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरात सतरा-अठरा वर्षांची मुलगी हा चित्रपट पाहते. ती भारावते, मलाही जायचे आहे म्हणते. शेजारी आई बसलेली असते. आईने काय पाहिले? कपडे बदलायला आडोसा नाही, वरिष्ठ अपमान करतो, सहकारी हसतात. ती काय म्हणेल? बाळ, तू आपली अभियांत्रिकीला जा. मुलींना आभाळ दाखविण्यासाठी काढलेला चित्रपट त्यांच्या आयांना घाबरवून जातो. म्हणून त्या आयांना आणखी काही सांगायला हवे. फ्लाइट लेफ्टनंट हरिता कौर देओल यांनी सप्टेंबर १९९४ मध्ये अ‍ॅव्रो विमानाचे एकटीने उड्डाण केले आणि दोनच वर्षांनी कर्तव्य बजावताना विमान अपघातात प्राण ठेवला. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून दाखल झाल्या. हे दरवाजे याच हवाईदलाने उघडले, उशिरा का होईना.

जाता जाता एका राहून गेलेल्या चित्रपटाविषयी. अमेरिकेच्या अमेलिया इअरहार्ट यांच्यावर २००९ मध्ये हॉलीवूडने चित्रपट काढला, आणि त्याच्या दिग्दर्शिका आपल्याकडच्या मीरा नायर. पण १९३६ साली लाहोरला एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ विमानात चढल्या आणि एकटीने उडाल्या, त्यांची कथा कोणाला सुचली नाही. घरी चार वर्षांची मुलगी होती. नवरा वैमानिक, आणि सुनेला फ्लाइंग क्लबात घालण्याचा उत्साह सासऱ्यांचा! परंपरेने बायकांना उंबऱ्याआड कोंडले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या सासऱ्यांचे काय करायचे ते ठरवावे. १९३९ मध्ये पती विमान अपघातात गेले, पुढे महायुद्धामुळे व्यावसायिक परवान्याचे प्रशिक्षण बंद पडले. सरलाबाई चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दोन मुलींसह दिल्लीला आल्या, आर्यसमाजी विचारांच्या असल्याने त्यांनी पुनर्विवाह केला आणि वस्त्रे व दागिने यांच्या आरेखनात नाव कमावले. त्या आकाशात झेपावल्या त्याच वर्षीच्या विजयादशमीला वर्ध्याला वंदनीय लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. हा निव्वळ योगायोग आहे, पण येथे बसलेल्या सेविका भगिनींना तो सांगावासा वाटला.

‘गुंजन सक्सेना’ पाहू नका, असे माझे मुळीच म्हणणे नाही. बाप-लेकीचा तो प्रसंग मुलींना जरूर दाखवा. संपल्यावर मात्र दूरदर्शन संच बंद करून त्यांना श्रीविद्या राजन हे नाव सांगा, आणि गुंजन २००४ मध्ये घरी का आल्या तेही सांगा. त्या प्रश्न विचारतील. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.