नक्कल अस्पष्ट कां येते?



पेठ वडगांव हें हातकणंगले तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव. अशा गांवीं सातबारा, खरेदीखत, मुलांचे दाखले यांच्या नकलांवांचून लोकांचें पान हलत नाहीं. नक्कल ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु गट नंबरांतील १ हा ९ असा वाचला गेला, तर एका अंकापायीं कागद परत येतो आणि हेलपाटा पदरीं पडतो. म्हणून झेरॉक्सच्या यंत्राचे दोष कसे ओळखावे, याचा आज विचार करूं.

अमेरिकेंत पेटंटचें काम पाहणारे चेस्टर कार्लसन यांनीं २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांत पहिली कोरडी नक्कल काढली. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा घासून त्यावर विद्युत्भार आणला व अक्षरें लिहिलेल्या काचेंतून प्रकाश पाडला. प्रकाश पडला तेथील भार गेला, अक्षरांच्या जागीं राहिला, आणि भुकटी तेथेंच चिकटली. आजच्या यंत्रांत पत्र्याऐवजीं फिरता ड्रम असतो, बहुधा लेसर किरण त्यावर अक्षरें उमटवितो, टोनर ही भुकटी होय, आणि तापलेले रूळ ती कागदावर पक्की बसवितात. ही सांखळी ध्यानांत ठेविली, म्हणजे दोष कोठें आहे हें पानच सांगतें.

प्रथम मूळ कागद काचेवर खालचा वर फिरवून दुसरी नक्कल काढावी. डाग मजकुराबरोबर फिरला, तर तो मुळांतलाच. पानाच्या त्याच जागीं राहिला, तर यंत्राचा. काचेवर ठेवून काढलेली नक्कल स्वच्छ, पण वरून आपोआप कागद ओढविला कीं उभी काळी रेघ येते, असें झाल्यास बाजूची अरुंद काचपट्टी पाहावी. कागद तिच्यावरून धावतो, पट्टी स्थिर असते. म्हणून धुळीचा एक कणही पानभर रेघ ओढतो. यंत्र बंद करून किंचित् ओलसर, मऊ फडक्यानें ती पुसावी. काचेवर पाणी ओतूं नये.

डाग ठराविक अंतरानें पुनःपुन्हा येत असल्यास फुटपट्टीनें तें अंतर मोजावें. ड्रमचा व्यास ३ सेंटीमीटर असेल, तर त्याचा घेर सुमारें ९·४ सेंटीमीटर भरतो. अंतर तेवढेंच निघालें, तर ड्रमवर ओरखडा आहे असें समजावें. ड्रमला बोट लावूं नये, उजेडांत उघडा ठेवूं नये. अक्षरें बोटानें पुसलीं जात असतील, तर रूळ पुरेसे तापत नाहींत. तें काम कारागिराचें. सबंध पान फिकें असल्यास टोनर संपत आला असेल. ठिकठिकाणीं फिकें असल्यास, विशेषतः पावसाळ्यांत, कागद सर्दावला असेल. फोडलेला गठ्ठा गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावा. जुन्या पिवळ्या कागदाची छटा फार गडद करूं नये. अक्षरांबरोबर पानही काळवंडतें.

आपल्या जुन्या दप्तरांत नकलेची मुळाशीं रुजुवात घेण्याची चाल होती. यंत्र आलें म्हणून ती सोडण्याचें कारण नाहीं. दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीं नांव, गट नंबर आणि क्षेत्र एवढें तरी मुळाशीं ताडून पाहावें. दुसरी नक्कल तेथें क्षणांत मिळते, कचेरींत मात्र दिवस जातो.