जुनी फाईल आणि नवी आवृत्ती

(डेराबस्सी येथे मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंबाल्याहून चंदीगडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या गावी मराठी बोलणारी इतकी मंडळी एकत्र आलेली पाहून मला समाधान वाटते. आपली मुले शाळेत गुरुमुखी आणि हिंदी शिकतात. घरातील मराठी बरीचशी संगणकात जाऊन बसली आहे : आजीचा आवाज, वडिलांनी टाईप करून ठेवलेल्या आठवणी, लग्नपत्रिकेचा नमुना. हे सारे ज्या फाईलींत असते त्यांच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. विषय रुक्ष आहे हे मी जाणते. तथापि माझ्यापुरता तो रुक्ष राहिलेला नाही. तो का, हे प्रथम सांगते.

माझ्या आत्यांना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. २०१८ साली मी त्यांच्याकडे आठ दिवस राहून त्या ध्वनिमुद्रित केल्या. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरले. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. परत येताना मी सर्व फाईली पेन ड्राईव्हवर उतरवून घेतल्या व आत्यांच्या घरचा संगणक मोकळा करून दिला. घरी येऊन पाहते तो दोन दिवसांच्या ओव्या रिकाम्या. त्या काळी या सॉफ्टवेअरमध्ये एक मुद्रण म्हणजे दोन वस्तू असत : एक लहानशी फाईल, आणि शेजारी एक फोल्डर, ज्यात आवाजाचे शेकडो बारीक तुकडे साठविलेले असत. लहान फाईलीत केवळ कोणता तुकडा कोठे बसतो याची याद. त्या दोन दिवसांची मी याद तेवढी आणली होती, आवाज तेथेच पुसला गेला होता. चूक सर्वस्वी माझी. पुढे आत्याही गेल्या, आणि त्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या.

अशी चूक अनेकांच्या हातून होत असे. म्हणूनच मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटीची ३.० ही आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी ही दुहेरी रचना मोडून सारे काही एकाच फाईलीत ठेवण्याची व्यवस्था केली. बदल चांगला होता. तो तीन वर्षे आधी झाला असता तर माझ्या ओव्या वाचल्या असत्या. पण त्याची दुसरी बाजूही होती. नवी आवृत्ती जुने मुद्रण उघडू शके, मात्र नव्या रीतीने जतन केलेली फाईल जुन्या आवृत्तीला मुळीच वाचता येत नसे. मी उरलेल्या ओव्या हौसेने नव्या आवृत्तीत जतन केल्या आणि साताऱ्याला आतेभावाकडे पाठविल्या. त्याच्या जुन्या संगणकावर त्या उघडेनात. आपल्या आईचा आवाज ऐकावयास बसलेल्या त्या माणसाला मी फोनवरून आवृत्त्यांचा फरक समजावीत होते, हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

येथे फाईलीची रचना म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे मोडी लिपीचे उदाहरण आहे. पेशवाईतील दप्तरे मोडीत आहेत, आपल्या पणजोबांची खतपत्रेही कित्येकदा मोडीत असतात. भाषा मराठीच, कागद शाबूत, शाईही टिकलेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी मागे पडली आणि घरोघरच्या ट्रंकांतील कागद एका पिढीत मुके झाले. कोणी ते जाळले नाहीत, वाचणारा तेवढा नाहीसा झाला. फाईलीचेही असेच होते. आपण पंजाबात आहात म्हणून आणखी एक सांगते. ‘असीस’ या जुन्या टंकात टाईप केलेला पंजाबी मजकूर, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडपूर्व टंकांतील मराठी हस्तलिखितांची हीच गत झालेली मी अनुवादाच्या कामात वारंवार पाहिली आहे.

मग रचना बदलूच नये काय? असे मी म्हणणार नाही. २००५ साली ओपनऑफिसने आपली जुनी रचना सोडून ओपनडॉक्युमेंट ही रचना स्वीकारली, आणि पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. आज ती अनेक सॉफ्टवेअरांना वाचता येते. हे हितच झाले. माझी तक्रार बदलाविषयी नाही. बदलाची वर्दी कोठे दिली जाते, केव्हा, आणि कोणत्या शब्दांत, याविषयी आहे.

बहुधा ती नव्या आवृत्तीबरोबरच्या निवेदनात दिलेली असते. ते निवेदन प्रामाणिक असते, सविस्तर असते, आणि सामान्य माणूस ते कधीही वाचत नाही. पुष्कळदा तर त्याने नवी आवृत्ती मागितलेलीही नसते. रात्री संगणक आपोआप अद्ययावत होतो आणि सकाळी तेच चिन्ह दाबून निराळेच सॉफ्टवेअर उघडते. मुक्तस्रोताच्या परवान्यांत सर्वसाधारणपणे स्पष्ट लिहिलेले असते की कसलीही हमी नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची हमी मागणे मलाही प्रशस्त वाटत नाही. परंतु हमी निराळी आणि सूचना निराळी. विहिरीचे पाणी फुकट असले तरी काठ खचला असेल तर तो विहिरीपाशीच सांगावा लागतो.

हे उत्तम रीतीने केल्याचेही एक उदाहरण आहे. इंकस्केप हे चित्रे आखण्याचे सॉफ्टवेअर. २०१७ साली त्याच्या ०.९२ या आवृत्तीत मापाचा हिशेब बदलला : पूर्वी एका इंचात ९० बिंदू धरीत, ते ९६ धरू लागले. याचा परिणाम असा, की १६ सेंटिमीटर रुंदीची जुनी पत्रिका नव्या हिशेबाने १५ सेंटिमीटरची भरावी. पडद्यावर ते ध्यानातही येणार नाही, कळेल ते छापखान्यात. कर्त्यांनी काय केले, तर जुने चित्र उघडताच एक चौकट पुढे येई आणि विचारी : हे चित्र पडद्यासाठी काढले होते की छपाईसाठी? उत्तराप्रमाणे ते माप सांभाळी, आणि मूळ फाईलीची प्रत शेजारी ठेवण्याची सोयही तेथेच असे. बिंदूंचे गणित त्या चौकटीने विचारले नाही, चित्र कशासाठी आहे ते विचारले. हे मला फार मोलाचे वाटते, कारण वापरणाऱ्याला एवढेच ठाऊक असते. गिम्प हे चित्रांचे दुसरे सॉफ्टवेअरही जतन करतेवेळीच कळविते की या चित्रात अमुक आवृत्तीपासूनचे गुण आहेत, त्याहून जुन्या आवृत्तीत ते वाचता येणार नाही.

आता माझ्या व्यवसायाकडे येते. या सूचना मुळात इंग्रजीत लिहिल्या जातात आणि लिब्रेऑफिससारख्या सॉफ्टवेअरांत स्वयंसेवक त्या मराठीत आणतात. ते काम कष्टाचे आहे व त्याबद्दल मला आदर आहे. परंतु इंग्रजी सूचनेतील कर्मणी प्रयोग जसाच्या तसा उतरला, की ‘फाईल नव्या स्वरूपात परिवर्तित केली जाईल’ असे वाक्य तयार होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण कोण परिवर्तित करणार, त्याने माझे काय जाणार, मागे फिरता येईल की नाही, यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही. वाचणारा ‘ठीक आहे’ हे बटण दाबतो, कारण दुसरे काय करावे हे त्याला कळत नाही. त्या जागी मी असे लिहीन : ‘आता जतन केल्यास ही फाईल जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडणार नाही. जुनी प्रत वेगळी ठेवू का?’ आणि बटणांवर ‘होय’ व ‘नाही’ एवढेच न लिहिता ‘जुनी प्रत ठेवा’ आणि ‘प्रत नको’ असे लिहीन. मूळ वाक्यात हे नाही, म्हणून अनुवादकाने घालू नये, असे कोणी म्हणेल. ललित ग्रंथाच्या बाबतीत मी ते मान्य करीन. सूचनेच्या बाबतीत मूळ लेखकालाच कळवून वाक्य बदलून घ्यावे, आणि मुक्तस्रोतात ती मुभा आहे. घडण उघडी असल्याचा खरा लाभ मला येथे दिसतो.

दुसरा लाभही आहे. जुन्या आवृत्त्या बहुधा उपलब्ध ठेवलेल्या असतात. माझ्या आतेभावाची अडचण तशी एका संध्याकाळची होती. मी ओव्या साध्या ध्वनीच्या फाईलींत उतरवून पुन्हा पाठविल्या आणि त्या त्याला ऐकता आल्या. घरातील मोलाच्या फाईलींची अशी एक साधी प्रत, ध्वनीची असो वा मजकुराची, नवी आवृत्ती घेण्यापूर्वी काढून ठेवावी. मूळ फाईलीवर नव्या आवृत्तीत लगेच जतन न करता नाव बदलून जतन करावे, आणि ज्याला पाठवावयाची त्याच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारावे.

उरलेल्या सहा दिवसांच्या ओव्यांपैकी थोड्या मी बरोबर आणल्या आहेत. चहानंतर ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे, आपण त्या लावू. आणि ज्यांच्याजवळ न उघडणाऱ्या जुन्या फाईली असतील त्यांनी त्याही दाखवाव्यात, आजच काही करता आले तर पाहू.