खरचटलं, पण रक्त आलं नाही



बाभळीचा काटा हातावरून ओझरता जातो. पांढरी रेघ उमटते, पण रक्ताचा थेंब येत नाही. याचं कारण असं, की ओरखडा बाह्यत्वचेपुरताच असतो आणि तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात.

या बाह्यत्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात. वर सरकता सरकता त्या केराटिन या चिवट प्रथिनानं भरतात आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मरून चपट्या होतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. आंघोळीला अंग चोळताना निघणाऱ्या मळात या मेलेल्या पेशीच पुष्कळ असतात. तळाशी रंगपेशीही असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या बनवत असलेल्या मेलॅनिनमुळे.

त्याखाली अंतस्त्वचा. कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, सगळं इथं. आणि तिच्याखाली चरबी.

ही रचना कळली, की भाजण्याचा प्रकारही कळतो. वरवर भाजलं तर केसांच्या मुळांभोवतीच्या आणि घामग्रंथींतल्या पेशी वाढून जखम भरून काढतात. खोल भाजलं तर ती मुळंच जळतात. मज्जातंतूही जळतात, म्हणून अशी जखम फारशी दुखत नाही. दुखत नाही म्हणून तिला किरकोळ समजू नका! भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी धरा आणि दवाखाना गाठा.

अंगाचा मोठा भाग भाजला, तर शरीरातलं पाणी झिरपून जातं आणि जंतूंना वाट मोकळी होते. अशा वेळी दान केलेली त्वचा जखमेवर पांघरतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा अगदी पातळ थर काढतात. चेहऱ्याला हातही लावत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही त्वचा कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत रुग्णाचं शरीर ती टाकून देतं. पण तेवढ्या अवधीत रुग्ण तगतो आणि जखम त्याच्या स्वतःच्या त्वचेचं कलम घ्यायला तयार होते.

घरात नेत्रदानाचा विषय निघतो, तेव्हा त्वचादानाचाही काढा.