कोक्याच्या वाटेवर सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. भजनात टाळ धरणे आणि हळदीकुंकवाला पानसुपारीचे तबक फिरविणे, एवढीच माझी या मंडळातील कामगिरी. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "फाल्गुनात काय घडले ते तुम्हीच सांगा. नाहीतर गावात जे बोलले जाते तेच खरे ठरेल." गावात बोलले जाते ते असे, की कारध्याच्या बायका सायकली घेऊन कोक्याच्या रानात गेल्या आणि त्यांच्या मागे वाघ लागला. वाघ लागला नाही. पण काही तरी लागले होते खरे, आणि ते काय होते हेच आज सांगावयाचे आहे.

लग्नाआधी मी शाळेला सायकलनेच जात असे. लग्नानंतर सायकल सुटली. कोणी मनाई केली असे नाही, नुसतीच सुटली. पुढे एकदा भावाकडे बोरिवलीस गेले असता भावजय मला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेली. मुंबईसारख्या शहराला लागून शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे रान आहे, त्यात बिबटे आहेत, आणि तेथे सायकली भाड्याने मिळतात! दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरांचा डांबरी रस्ता. शेवटची चढण अशी, की पायडल मारता मारता तोंडाला फेस यावा. मी सरळ उतरले आणि सायकल हाताने ढकलीत वर गेले. डोंगरात कोरलेली शंभरावर लेणी पाहिली आणि उतरताना वारा कानात शिरला तेव्हा मला माझे चौदावे वर्ष आठवले. संध्याकाळी मात्र उद्यानाचे दार बंद होते, तेव्हा वेळेत परतावेच लागते. या गोष्टीचे महत्त्व मला त्या दिवशी कळले नाही.

घरी आल्यावर वाटले, मुंबईच्या बायकांनी कान्हेरीला जावे, तर आम्ही कोक्याला का जाऊ नये? कोका आपल्यापासून वीसएक किलोमीटर. वैनगंगेच्या अलीकडच्याच तीरावर असल्यामुळे पूलही ओलांडावयाचा नाही. 2013 साली कोक्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे लोक दुरून गाड्या करून जे पाहावयास येतात, ते आपल्या परसात आहे.

पाचजणी तयार झालो. फाल्गुन सरत आला होता. निघावयाचे सकाळी सहाला ठरले. भगिनींनो, निघालो आम्ही दुपारी दोन वाजता. एकीच्या घरी पाहुणे आले. एकीला मुलाचा डबा करावयाचा होता. एकीच्या घरी नळाला पाणी उशिरा आले. माझ्याकडे स्वयंपाक, धुणे आणि नंतर दोघा-तिघांचा चहा. प्रत्येकीने आपले घर आवरले आणि उरलेला दिवस घेऊन आलो. ऊन असे होते, की हँडलला हात लावता येईना. तरी हौस दांडगी. आणखी एक कबुली देते. सासूबाईंना मी सांगितले होते, की आम्ही नदीपर्यंतच जाऊन येणार आहोत.

जाताना शेते संपली आणि दोन्ही बाजूंना साग, मोह, तेंदू सुरू झाले. पळस फुललेला. मोहाची फुले खाली पडून वास सुटलेला. आम्ही थांबत, फोटो काढीत, चिवडा खात गेलो. परतताना एकीच्या सायकलची साखळी उतरली आणि कडीत अडकून बसली. ती बसवीपर्यंत दिवस मावळतीला आला. थोडे पुढे गेलो तो उतारावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, रानगवा उभा. काळा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊशे किलोंचा असतो असे पुढे वाचले. त्या वेळी तो मला आपल्या समाजमंदिराएवढा वाटला. एकीचा हात घंटीकडे गेला. इतक्यात मागून आवाज आला, "उभ्या रायजा वो बाई. घंटी वाजवू नोका. तो जाते आपल्या वाटेनं."

दिवसभर वेचलेला मोह टोपल्यांत घेऊन दोन बाया गावाकडे निघाल्या होत्या. त्या आमच्याजवळ थांबल्या. पाऊण तास तरी आम्ही सातजणी मुक्याने उभ्या होतो. गवा आपल्या वाटेने गेला. तेव्हा त्यांतली थोरली मला म्हणाली, "आमाले पोटासाठी यावं लागते. तुमी कायले इतका उशीर केला?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेथे देता आले नाही. अंधारातून मोबाइलच्या उजेडात सायकली ढकलीत घरी आलो. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. घरोघरी बोलणी बसली, आणि मंडळाच्या सभेत सायकलीचा उपक्रम बंद करावा अशी सूचना आली. तिच्यावर आज निर्णय व्हावयाचा आहे.

माझे म्हणणे असे. ती बाई विचारीत होती, की उशीर का केला. तो उशीर रानात झालाच नव्हता. तो आमच्या चुलीपाशी झाला होता. साखळी कोणाचीही उतरते. सकाळी दहाला उतरली असती तर हसत बसविली असती. पण आमची सकाळ आमची नव्हती, म्हणून आम्ही संध्याकाळ रानाकडून उसनी घेतली. आणि संध्याकाळ ही रानातल्या जनावरांची वेळ. त्यांच्या वेळेत आम्ही गेलो; त्यांचा काय दोष?

रस्ता आपला तसा त्यांचाही आहे. जय नावाचा वाघ आपणांस आठवत असेल. नागझिऱ्यात जन्मला आणि 2013 च्या सुमारास गावे, मोठा रस्ता आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला. 2016 पासून तो कोणाला दिसला नाही. पण ज्या रस्त्यावरून आपण बाजाराला जातो तो वाघालाही ओलांडावा लागतो, हे त्याने आपणांस दाखवून दिले.

म्हणून उपक्रम बंद न करता त्याला नियम घालावे अशी माझी विनंती आहे. कार्तिकापासून माघापर्यंतच जावयाचे, उन्हाळ्यात नाही. सूर्य चांगला वर येईपर्यंत शेतांच्या रस्त्यावर राहावयाचे, मग रानात शिरावयाचे. आमची चाल तासाला दहा-बारा किलोमीटर, म्हणजे सहाला निघून आठ-साडेआठला पोचावे, नऊला मागे फिरावे आणि बाराच्या आत घरी यावे. कोका आले नाही तरी नऊ वाजता मागे फिरावयाचेच. चढण आली तर उतरून चालावे, त्यात लाज नाही. उतारावर दोन्ही ब्रेक बेताने दाबावे. पदर आणि ओढणी साखळीपासून दूर खोचावी. पंप, ठिगळाचे सामान आणि पाणी बरोबर असावे. डांबरी रस्ता सोडावयाचा नाही. अभयारण्याच्या आत जावयाचे तर नोंदणी करून, गाडीने, मार्गदर्शकासह जावे; तेथे सायकलीचे काम नाही. आणि लाखनी-साकोलीकडच्या महामार्गाने नागझिऱ्याला जाण्याचा हट्ट तूर्त नको. तेथले ट्रक गव्यापेक्षा वाईट. गवा निदान थांबून पाहतो.

कोणी म्हणेल, बायकांना हे हवेच कशाला? तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकविण्यात आली आणि एक लाखाहून अधिक बायका शिकल्या. पाणी आणणे, मूल शाळेत पोचविणे, माल बाजारात नेणे, ही कामे त्या सायकलवर करू लागल्या. आपल्या मुलीही आज सायकलने शाळेत जातात. त्यांची सायकल लग्नानंतर माझ्यासारखी नुसतीच सुटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आता शेवटचा नियम, आणि तो मागे उभ्या असलेल्या बंधूंसाठी आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळची चूल तुम्ही पेटवावी. पहाटेचा चहा, मुलांचे खाणे, पाणी भरणे, एवढेच. बाकीचे आम्ही बारानंतर येऊन करू. हा नियम पाळला तर वरचे सगळे नियम पाळता येतील. तो पाळला नाही, तर वरचे सगळे कागदावरच राहतील.

घरी आल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "खोटं कायले सांगतलंस? खरं सांगतलं असतंस त भाकरी मी टाकल्या असत्या." त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. सर्वांसमक्ष मी त्यांची क्षमा मागते. आणि कार्तिकातल्या पहिल्या रविवारच्या भाकरी त्यांच्याकडे लागल्या, हेही जाहीर करते.